पुसलेलं पाणी

शाळेत माझ्या माघारी मला ‘तोफ’ म्हणतात. ते माझ्या कानावर आलेलं नाही असं सगळ्यांना वाटतं, मीही वाटू देते. सव्वीस वर्षं ही माँटेसरी चालवतेय, आवाज चढवल्याशिवाय ती चालली नसती.

नव्या ताईंचं उमेदवारीचं वर्ष संपत आलं होतं. त्यांना कायम करायचं की निरोप द्यायचा, हे दुपारच्या बैठकीत माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं. म्हणून सकाळी न सांगता त्यांच्या वर्गात शिरले.

पाहते तर काय, चार वर्षांची एक चिमुरडी टेबलावर मुद्दाम पाणी सांडतेय आणि ताई कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसून वहीत लिहिताहेत! माझं डोकंच फिरलं. स्पंज उचलला आणि टेबल लख्ख पुसून टाकलं. मुलीने हातातला पाण्याचा जग खाली ठेवला आणि निमूटपणे निघून गेली.

ताईंना ऑफिसात बोलावलं. “काय एवढं लिहीत होतात? आणा इकडे.”

वहीत होतं: ‘पाचव्यांदा सांडलं. ओघळ पुन्हा खिडकीकडेच. आता दुसऱ्या बाजूला जाऊन सांडते आहे. तरी खिडकीकडेच. वाकून टेबलाचे पाय बघते आहे. मोठ्या बाईंनी टेबल पुसलं. ती निघून गेली. बाईंना काय दिसलं, ते विचारायचं.’

“मग विचारा की!”

“विचारते. काय दिसलं बाई तुम्हाला?” ताईंची नजर काही खाली गेली नाही.

जिभेवर आलेलं उत्तर मी गिळलं. ‘आधी बघा, मग हात लावा’ हे दर वर्षी नव्या शिक्षिकांच्या डोक्यात भरवणारी मीच ना! “पसारा दिसला,” मी म्हटलं. “दुसरं काही नाही.” लाज वाटली मला.

दुपारी बैठकीत शेरा म्हणून मी ते पान मोठ्याने वाचलं, एक शब्द न गाळता.

संस्थेच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. “अहो, पण यात चूक तुमचीच लिहिली आहे.”

“तर काय! सव्वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. या पोरीने मुलीकडे जितकं नीट पाहिलं, तितकंच माझ्याकडेही पाहिलं, आणि वर तोंडावर विचारलं. अभिमान वाटतो मला तिचा. कायम करा.”

मग दार उघडून, बाहेर वाट पाहत बसलेल्या ताईंना मी स्वतः आत घेऊन आले.