चावीवाल्याची साक्ष

“ही सही तुमचीच ना?” कंपनीच्या वकिलानं कागद पुढं धरला.

“माझीच.”

साक्षीच्या पिंजऱ्यातला माणूस एकतीस वर्षं गावाच्या पाण्याच्या चाव्या फिरवत आला होता; आधी नगरपालिकेचा नोकर म्हणून, आणि पालिकेनं पाणीपुरवठा वीस वर्षांच्या करारानं कंपनीकडे सोपवल्यावर कंपनीचा. आता मुदत संपली होती. पालिका म्हणे, आमचे नळ परत द्या. कंपनी म्हणे, वरच्या वस्तीची मुख्य वाहिनी आम्ही नवी टाकली, ती आमची. पुरावा हाच कागद: ‘काम पूर्ण झाले, समक्ष पाहिले.’ खाली चावीवाल्याची सही.

आदल्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी त्याला खुर्ची देऊन समजावलं होतं, “काका, फक्त सही ओळखायची. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. पुढचं आमचा वकील बघेल.”

सही खरीच होती. कागद तेवढा खोटा.

पालिकेचा वकील घड्याळाकडे बघतच उठला. “काम होताना तुम्ही पाहिलंत?”

चावीवाल्यानं मागं पाहिलं. शेवटच्या बाकावर बायको बसली होती, मांडीवर जेवणाचा डबा धरून. देवाला स्मरून खरं सांगेन, असं तो आत्ताच म्हणाला होता. माणूस नाव घेऊन मोकळा होतो. ज्याचं घेतलं तो मात्र ऐकत बसलेला असतो.

“नाही पाहिलं,” तो म्हणाला. “काम झालंच नाही, साहेब. खाली जुनाच लोखंडी नळ आहे.”

“मग सही कशी?”

“त्या दिवशी हिचं ऑपरेशन होतं. रजा मागायला गेलो, तर अर्जाबरोबर हाही कागद पुढं आला. वाचला मी. वाचून केली.”

कंपनीचा वकील हसला. “म्हणजे खोट्या कागदावर सही करणाऱ्यावर कोर्टानं विश्वास ठेवायचा?”

“माझ्यावर नका ठेवू. खणून बघा.”

बाहेर व्हरांड्यात बायकोनं डबा त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, “माझ्यापायी केलीत होय सही?”

“तुझ्यापायी नाही. भ्यालो होतो.”

“इतकी वर्षं बोलला नाहीत ते.”

“लाज वाटायची गं.”

कोर्टाच्या हुकमानं रस्ता खणला. गंजका लोखंडी नळ निघाला. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: खोटा दाखला दिल्याबद्दल नोकरीवरून कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. त्याच्या जागी आलेला नवा माणूस ओशाळून उभा होता.

“काका, वरच्या वस्तीला पाणी चढेना. किती फेरे देता तुम्ही?”

“अकरा. बारावा दिलास तर जोड सुटेल. आणि सावकाश फिरव, म्हातारा नळ आहे.”

तो गेल्यावर बायको फणकारली, “काढून टाकलं ना तुम्हाला? मग सांगायचं कशाला?”

“वरच्या वस्तीत कंपनी राहते का? लेकुरवाळ्या राहतात.”

तिनं चहा पुढं ठेवला. त्यानं हात लावला नाही. थोड्या वेळानं त्याच वाहिनीवरच्या, त्यांच्या भिंतीतल्या नळात हवा खोकली. तिला बोट दाखवून गप्प करत तो कान देऊन बसला.

“चढलं,” तो म्हणाला, आणि मग कप उचलला.