निरीक्षक कुठे उभा होता?

प्रज्ञेश ओव्हाळचा शोधनिबंध नाकारला गेला.

हे आता आपण विसरून जाऊ. अजून काहीही घडलेलं नाही. निबंध संपादकांकडे सुखरूप आहे, आणि प्रज्ञेश नारायण पेठेत माधव आगटे सरांच्या दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर बसलेला आहे.

"चहा झालाय आमचा," सर म्हणाले. "तू घेऊनच आला असशील."

"हो सर," प्रज्ञेश म्हणाला. तो घेऊन आला नव्हता.

"हे एक परीक्षणाला आलंय. बघून घे जरा." सरांनी एक पाकीट पुढे सरकवलं. सरांना कागदच लागत. ईमेल आली की ते ती छापून घेत आणि मग ती आली असं मानत.

'बघून घे जरा' या शब्दांचा अर्थ त्या घरात ठरलेला होता. संशोधन-पत्रिकेचे संपादक एखादा निबंध लेखकाचं नाव खोडून सरांकडे पाठवत. तो छापण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे सरांनी गुपचूप कळवायचं. लेखकाला परीक्षक कळू द्यायचा नाही, परीक्षकाला लेखक. सर तो निबंध प्रज्ञेशला देत, प्रज्ञेश अहवाल लिही आणि सर सही करत. प्रज्ञेश सरांकडे पीएच.डी. करताना हे सुरू झालं होतं. पीएच.डी. संपली, हे संपवायचं राहून गेलं. एव्हाना कडक परीक्षक म्हणून सरांचा राज्यभर दरारा होता. मागच्या वर्षी त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या प्रज्ञेशने वाजवल्या. सत्कारानंतर सर 'संशोधनातील नीतिमूल्ये' या विषयावर बोलले. स्लाइड प्रज्ञेशनेच करून दिल्या होत्या.

"मुलाखत कधी आहे रे तुझी?"

"पुढच्या महिन्यात, सर. एक निबंध कमी पडतोय. तो स्वीकारल्याचं पत्र आलं की अर्ज पूर्ण होतो."

"येईल, येईल. कशावर होता तुझा तो?"

"सिग्नलवर. तुम्हाला वाचायला दिला होता मी."

"हां, तो! उत्तमच आहे. मी म्हटलं होतं ना तुला, पाठवून दे."

प्रज्ञेश एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत असे. म्हणजे तास संपला की प्राध्यापकपणही संपत असे. कायमची जागा बऱ्याच वर्षांनी निघाली होती. पुन्हा कधी निघेल हे त्या जागेलाही माहीत नव्हतं.

बाहेर पडून त्याने अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे गाडी लावली आणि गाडीवर बसूनच पाकीट उघडलं. 'वेळदर्शक सिग्नल आणि दुचाकीस्वारांची शिस्त : पुणे शहराचा अभ्यास'. खाली लेखकाचं नाव कोणीतरी फार मन लावून काळं केलं होतं. तरीही लेखक कोण हे प्रज्ञेशने पहिल्या ओळीत ओळखलं. त्याला त्या लेखकाची शैली आवडत असे.

त्याने गाडी सरांच्या घराकडे वळवली, मग पुन्हा घराकडे, खडकीकडे वळवली. मागच्या रिक्षावाल्याने दोन्ही वेळा आपलं मत मांडलं.

सांगायचं तरी काय? 'सर, हा निबंध माझा आहे'? म्हणजे तो माझ्याकडे आलाच कसा, हे सरांना संपादकांना सांगावं लागणार. तेही एक वेळ निभावलं असतं. पण जो निबंध वाचून सर 'उत्तम' म्हणाले होते, तो हातात आल्यावर त्यांनी ओळखला नव्हता. हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? मुलाखतीसाठीचं शिफारसपत्रही त्यांच्याच सहीचं होतं. ते अर्थात प्रज्ञेशनेच लिहिलं होतं, पण सही व्हायची होती.

घरी शर्मिला, त्याची बायको, गवार निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पेपर तुझा, तपासणारा तू. मग अडलंय कुठे?"

"तिथेच."

"आमच्या ऑफिसात याला सेल्फ अप्रेझल म्हणतात. सगळे स्वतःला पाचापैकी चार देतात. पाच दिले की डोळ्यांवर येतं."

"शर्मिला, हे अनैतिक आहे."

"आणि सर सही ठोकतात ते काय आहे? तेव्हा कुठे गेली होती तुझी नीती? स्लाइडमध्ये?"

आतून त्याचे वडील सुखदेव यांनी आवाज दिला. ते दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि मुलाच्या नोकरीची चौकशी लोक पावसाची करतात तशी करत. "झालं का परमनंट?"

"नाही बाबा."

"बरं." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

प्रज्ञेश अहवाल लिहायला बसला. पहिला मसुदा इतका गोड झाला की तो स्थळ सुचवणाऱ्या आत्याने लिहिल्यासारखा वाटला: निबंध सुस्वभावी, घरंदाज, कोणत्याही अपेक्षा नाहीत. तो त्याने फाडला. दुसऱ्या मसुद्यात त्याने चार शंका काढल्या आणि मग लेखकाच्या बाजूने त्यांची इतकी चोख उत्तरं दिली की परीक्षकाची बोलतीच बंद झाली. तोही फाडला. शेवटी नेहमीसारखी पेन्सिल घेतली आणि नेहमीसारखा निबंध वाचायला लागला. लेखक ओळखीचा आहे हे विसरण्याचा तेवढाच एक मार्ग होता.

निबंधाचं म्हणणं साधं होतं. ज्या सिग्नलवर उरलेल्या सेकंदांचे आकडे दिसतात, तिथे दुचाकीवाले पांढऱ्या पट्टीच्या मागे थांबतात. जिथे आकडे नाहीत तिथे झेब्रा क्रॉसिंगवर चढतात. म्हणून सगळीकडे आकडे लावावेत. तक्ते देखणे होते. तिसऱ्या पानावर मात्र त्याच्या हाताने समासात एक प्रश्न लिहिला. त्याचा त्यालाही अंदाज नव्हता.

निरीक्षक कुठे उभा होता?

प्रज्ञेश थांबला. या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं. निरीक्षक झाडाखाली उभा होता. एप्रिल होता, दुपारभर उभं राहायचं होतं, म्हणून आकडेवाले सिग्नल त्याने झाड बघून निवडले होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो त्यातल्याच एका सिग्नलवर जाऊन उभा राहिला. दिवा लाल झाला. दुचाक्या आल्या आणि पट्टीच्या बऱ्याच मागे, ओळीने, शाळेच्या प्रार्थनेला थांबाव्यात तशा थांबल्या. डोळे भरून यावेत अशी शिस्त होती. ती झाडाच्या सावलीत सुरू होत होती आणि सावलीच्या कडेला संपत होती.

"ओ काका, सरका की जरा," स्कार्फमध्ये गुंडाळलेली एक मुलगी स्कूटरवरून म्हणाली. "सगळी सावली एकट्यानेच खाताय का?"

प्रज्ञेश सरकला. "एक विचारू? ते आकडे दिसतात म्हणून तुम्ही इतक्या मागे थांबता ना?"

"कुठले आकडे?"

मग तो आणखी एका सिग्नलवर गेला. तिथलं झाड गेल्या पावसाळ्यात पडलं होतं. वरचे आकडे इमानदारीने उतरत होते आणि त्यांच्याखाली सगळ्या दुचाक्या झेब्रा क्रॉसिंगवर चढून बसल्या होत्या.

दुसऱ्या कोणत्याही परीक्षकाला हे कळलं नसतं. चार ओळी स्तुती, सरांची सही, स्वीकाराचं पत्र, मुलाखत, आणि उद्या महापालिकेने वाचलाच निबंध तर गावभर आकड्यांचे खांब. लेखक म्हणून निबंध मागे घ्यावा, तर संपादक विचारणार, हे आत्ताच कसं सुचलं? आणि मागे घेतलेला निबंधही अर्जात धरत नाहीत. कुठूनही गेलं तरी रस्ता त्याच चौकात येत होता.

त्याने अहवाल लिहिला. झाडाबद्दल सगळं लिहिलं. पुढचा अभ्यास कसा करावा, कोणत्या ऋतूत, कुठे उभं राहून, तेही लिहिलं. 'प्रस्तुत निबंध स्वीकारू नये' असंही लिहिलं. मग खाली आणखी एक वाक्य घातलं. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने कुणालाही लिहिलं नव्हतं: 'लेखकाने मनापासून कष्ट घेतले आहेत हे पानोपानी दिसते.'

सरांनी अहवाल हातात घेऊन शेवटचं पान काढलं. ते नेहमी शेवटचंच पान काढत.

"उडवलास? वा! कोण असेल रे बिचारा?"

"असेल कुणीतरी, सर."

"झाडाची सावली म्हणे! अरे, एवढं साधं कळू नये माणसाला?" सर मनापासून हसले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. प्रज्ञेशने लिहिलेल्या अहवालात त्यांनी आजवर स्वल्पविरामही बदलला नव्हता. "हे कष्टबिष्ट काढून टाक बरं का. परीक्षकाने असं लिहू नये. लाडावतात लोक." आणि ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं, वाचता येऊ नये असं.

"सर, तेवढं एक..."

"अरे, माझी सही असते खाली."

प्रज्ञेश घरी गेला आणि अहवाल पुन्हा टाइप केला. त्या वाक्याशिवाय.

आठवड्याभरात संपादकांचं उत्तर आलं. निबंध नाकारला होता. आता मात्र ते विसरून जाण्याची सोय नव्हती. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपली. शर्मिलाने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

सुखदेव जेवता जेवता म्हणाले, "कुणी नाकारला?"

"परीक्षकाने, बाबा. नाव सांगत नसतात."

"तुला माहीत असंल की."

"तोंडओळख आहे."

"माणूस कसा आहे?"

प्रज्ञेशने विचार केला. "बरा आहे."

"मग भेटून घे ना त्याला एकदा. समोर बसला की माणूस नरम पडतो."

"नाही पडत बाबा," प्रज्ञेश म्हणाला. जेवण झाल्यावर त्याने हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि संपादकांना मजकूर लिहिला:

महोदय,
माझ्या निबंधावरील परीक्षण अहवाल मिळाला. निर्णय मान्य आहे. झाडाबाबतचा आक्षेप पूर्णतः योग्य असून त्यावर माझे काहीही म्हणणे नाही. तथापि अहवालाच्या अखेरीस एक वाक्य गळले असावे, असे निदर्शनास येते. तरी माननीय परीक्षकांशी आपल्या स्तरावर संपर्क साधून सदर वाक्य अहवालात पूर्ववत समाविष्ट करण्यात यावे व अहवालाची सुधारित प्रत अधोस्वाक्षरीकर्त्यास देण्यात यावी, ही नम्र विनंती.