अखंड काठी

धन्याला थडग्यात उतरवलं की त्याच्या अंमलदारांनी आपापली पांढरी काठी डोक्यावर मोडायची आणि तुकडे आत टाकायचे. चाकरी संपली, एवढाच त्याचा अर्थ. रँडलने मात्र ठरवलं होतं, आपण मोडायची नाही.

यॉर्कच्या उत्तरेला त्याचे धनी लॉर्ड ऑल्डरे यांच्या किल्ल्यात वीस वर्षं मुदपाकखाना त्याच्या हुकमात होता. सकाळीच वारस पुतण्या, सर फुल्क, कानाशी लागला होता. "काठी अखंड माझ्या हातात दे, तुझी जागा राहील. बाकीचे साठ जण संध्याकाळपर्यंत किल्ल्याबाहेर." रँडलची बायको अंथरुणाला खिळलेली. ऐन थंडीत तिला नेणार कुठे? त्याने मान डोलावली होती. आता तीच मान वर करवत नव्हती.

चर्चमध्ये साठ चाकर दाटीवाटीने उभे होते, प्रत्येकाच्या बाहीवर धन्याच्या घराण्याचं चिन्ह, बगळा. म्हातारे कारभारी बर्ट्रम पुढे झाले. काठी कडकन मोडली. खजिनदाराचीही मोडली.

"रँडल," बर्ट्रम हळूच म्हणाले, "तुझी पाळी."

रँडल थडग्याला वळसा घालून सर फुल्कपुढे गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी काठी पुढे केली.

"वीस वर्षं खाल्लंस रे त्याचं," मागे आचारी पुटपुटला.

रँडलचे हात मागे आले नाहीत.

सर फुल्कने काठी घेतली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि ऐटीत फरशीवर टेकवली. तिचे दोन तुकडे झाले.

तेव्हा कुठे रँडलला आठवलं. धनी शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा रँडलनेच सुताराला बजावलं होतं, "तिन्ही काठ्या रंगवायला नेशील ना, तेव्हा मधोमध करवत मारून ठेव. ऐन वेळी मोडल्या नाहीत तर हसं होईल आमचं."

"मोडकी काठी देतोस मला? पहिल्याच दिवशी?" सर फुल्कने हातातला तुकडा भिरकावला. "अपशकुनी मेला. तूही चालता हो त्यांच्याबरोबर."

साठ जणांत एकही हसला नाही. रँडलला त्याचीच जास्त लाज वाटली.

बर्ट्रमनी कण्हत वाकून दोन्ही तुकडे गोळा केले आणि रँडलच्या हातात दिले.

"टाक," ते म्हणाले. "माती अजून लोटली नाही."