वासाचं चीज

अपेक्षा एका टूर कंपनीत होती. प्रवाशांना घेऊन परदेशी जायची आणि दर खेपेला निडी गावातल्या आपल्या घरी एक नवं चीज आणायची. तिला आणि तिच्या बाबांना, दिनानाथांना, तो नादच लागला होता. स्वित्झर्लंडचं भोकाभोकांचं, हॉलंडचं पिवळंधमक, इटलीचं किसून घ्यायचं, सगळी तांदळाच्या भाकरीबरोबर खाऊन झाली होती.

या वेळी फ्रान्सचं होतं. तीन पिशव्यांत गुंडाळूनही पनवेलहून येताना गाडीतल्या बायका नाकाला पदर लावून लांब सरकल्या होत्या. घरी पिशवी सोडल्याबरोबर आई, गिरजाबाई, वालाच्या शेंगा उचलून पडवीत पळाली.

"काय गो हे कुजलेलं आणलंस घरात!"

बाबा मात्र शांतपणे भाकरीला चीज लावून खात होते. "मस्त हाय. मागच्यासारखंच. मऊ नि खारट."

अपेक्षाला आधी हसू आलं. मग ते जिरलं. मागच्या चीजला तर वासच नव्हता, सायीसारखं होतं ते. ती देवघरातली कापराची डबी घेऊन आली आणि बाबांच्या मागं उघडून उभी राहिली. त्यांनी मानही वळवली नाही.

बाबा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. गॅस गळला तर सायरन मागून वाजतो, नाकाला आधी कळतं, असं तेच तिला लहानपणी सांगायचे.

सव्वादोन वाजले होते. सेकंड शिफ्ट होती, अडीचला कंपनीची बस नाक्यावर येणार होती.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही ना?"

बुटाची नाडी बांधता बांधता ते थांबले. "हळू बोल. आई ऐकंल."

"कधीपासून?"

"कोरोना झाला तेव्हापासून."

"कंपनीत ठाऊक आहे?"

"नाय. प्लांटमधून काढतील, कुठंतरी नुसतं बसवून ठेवतील. जोडीला अमोल असतो. त्याला येतो ना वास."

"आणि अमोल चहाला गेला की?"

बाबांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. अपेक्षानं त्यांचा डबा उचलून छातीशी धरला.

"आज तुम्हाला मी जाऊ देणार नाही."

नाक्यावर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. गिरजाबाई आत आली. "बस उभी हाय, काय चाललंय तुमचं?"

अपेक्षानं सांगितलं. गिरजाबाईनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "डाळ करपली तरी गुमान खायचे. मला वाटायचं, माझं मन राखतात."

बस निघून गेली. बाबा चिडले, अपेक्षाला नको नको ते बोलले. मग पायरीवर जाऊन बसले आणि शेवटी त्यांनी स्वतःच सुपरवायझरला फोन लावला. वास येत नाही, हे सांगून टाकलं.

कंपनीनं त्यांना स्टोअरला टाकलं. पुढच्या आठवड्यात अपेक्षा त्यांना पेणला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रोज चार उग्र वास हुंगायचे, डॉक्टर म्हणाले. कुणाला वास परत येतो, कुणाला नाही. खात्री देता येत नाही.

परतीच्या एसटीत नागोठणं आलं. बाबा म्हणाले, "रोज गेटातून आत शिरताना भीती वाटायची गो. चार वर्षं."

"आणि आता?"

"आता स्टोअरात कंटाळा येतो," ते म्हणाले, आणि सीटला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले.