नीळकंठ मास्तरांचा वाघ

मेहकरच्या शाळेत नीळकंठ मास्तर इतिहास-भूगोल शिकवत, आणि लोणारचं तळं आलं की त्यांना चेव येई. नागपूरहून आलेल्या पुस्तकात तळ्याला अवघ्या चार ओळी होत्या. मास्तर त्यावर दोन तास काढत. तरुणपणी आपण एकट्यानं तळ्याला फेरी कशी मारली, झाडीत वाघ कसा आडवा आला, त्याला नुसत्या नजरेनं कसं परतवलं, हे सांगून सांगून त्यांना त्या वाघाच्या मिशाही पाठ झाल्या होत्या. अडचण एवढीच, की मास्तरांनी लोणार बापजन्मात पाहिलं नव्हतं.

शाळेत थापा पचत होत्या. धास्ती होती ती बायकोची. मुलगी पाहायला गेले तेव्हा हाच वाघ त्यांनी सासऱ्यांच्या बैठकीत सोडला होता, आणि सुलभा दाराआडून ऐकत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, दरवर्षी ती म्हणे, "तळ्याकाठच्या कमळजादेवीले जाऊ ना. तुमचा तं रस्ता पाह्यलेलाच हाये." मग मास्तरांना कधी ताप येई, कधी शाळेची तपासणी. यंदा दिवाळीच्या सुट्टीत निमित्तं संपली.

सुलतानपूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. काठावरून मास्तरांनी खाली पाहिलं. पुस्तकातल्या नकाशात हे तळं बोटाच्या नखाएवढं होतं! पण सुलभा बघत होती. त्यांनी ऐटीत एक वाट दाखवली. ती शेळ्यांची निघाली. दहाव्या पावलाला मास्तर घसरले आणि बरंचसं लोणार बसूनच उतरले. गुडघा सोलवटला. सुलभानं देवीसाठी आणलेल्या पुडीतली हळद जखमेवर दाबली. मूठभर धोतरावर सांडली.

"तवाबी इथूनच उतरले होते का?"

"हाच तो दगड," मास्तर म्हणाले. स्वतःचीच लाज वाटत होती, पण तोंड थांबेना.

खाली पोचल्यावर ते तोऱ्यात गुडघाभर पाण्यात शिरले आणि पुस्तकातल्या ज्वालामुखीवर बोलू लागले. बोलता बोलता खाली पाहिलं, तर धोतर लालभडक. मास्तर मटकन काठावर येऊन बसले. दुखत काहीच नव्हतं, त्यानं ते जास्त घाबरले. वीरांना शेवटी असंच बधिर वाटतं, हे इतिहासाच्या तासाला त्यांनीच शिकवलं होतं.

"सुलभे, माझं काही खरं नाही," ते म्हणाले. "मी इथं कधीच आलो नव्हतो. फेरी खोटी. वाघही खोटा. मला माफ कर."

सुलभा पांढरीफटक पडली. तेवढ्यात काठावर कपडे धुवायचा खार गोळा करणारी गोजरबाई धावत आली. तिनं धोतराचा सोगा चिमटीत धरून पाहिला आणि तिला हसू आवरेना.

"काऊन घाबरून राह्यले हो दादा? रगत नाही थे, हयद हाये. या खाराच्या पाण्यात हयद लालच होते."

यापेक्षा मेलो असतो तर बरं होतं, असं मास्तरांना मनापासून वाटलं. गोजरबाई हसत आपल्या कामाला गेली. सुलभा हसली नाही. तिनं पदर खोचला.

"उठा."

"कुठं?"

"फेरी माराले. इतकी वर्सं सांगून राह्यले ना, आता मारा."

देवीचं दर्शन घेऊन दोघं निघाले. सुलभा पुढे, मास्तर मागे ठेचकाळत. काटे, चिखल, आणि पाण्याचा तो उग्र वास! इतक्या वेळा गोष्ट सांगितली, पण हे पाणी घाण वासाचं असतं हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. ऊन कलता कलता फेरी पुरी झाली. वाटेत भेटली ती फक्त माकडं.

"शाळेत मी खरं काय ते सांगून टाकतो," मास्तर धापा टाकत म्हणाले. "वाघ नव्हता म्हणून."

सुलभा पायातला काटा काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सांगा. मंग आमच्या बाबालेबी सांगा. तुमच्याआधी दोन स्थळं आली होती, शेतीवाडीवाली. म्या त्या वाघापायी तुमाले हो म्हटलं होतं."

मास्तरांचा गुडघा तेव्हा कुठं दुखायला लागला.