अख्खी भाकर

“नाकाची बी परीक्षा घेऊन राहिलास का रे, वीरभद्रा?” गुरम्मा हसत बाकावर टेकली. “उद्या श्वास घ्यायला बी सही लागंल बघ.”

वीरभद्र हसला नाही. टेबलावर त्यानं पाच वाट्यांत दूध स्वतःच्या हातानं ओतून, वर बशा झाकून ठेवल्या होत्या; तीन वाट्यांत ताजं, दोनांत आंबलेलं. उद्या प्रमाणपत्राचे तपासनीस येणार होते. दूध केंद्रातल्या कोणाला कोणतं काम येतं, ते कोणी शिकवलं आणि अजून येतं का, याच्या नोंदी ठेवणं ही वीरभद्राची नोकरी. सगळ्यांचं झालं होतं. गुरम्माची वर्षाची चाचणी तेवढी तो पुढं ढकलत आला होता. ताप येऊन गेल्यापासून ती कॅनचं झाकण फार वेळ नाकाशी धरते, हे त्यानं पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

केंद्र उदगीरच्या अलीकडं. त्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आलं, आणि उदगीरचा नवा जिल्हा होणार ही बातमी दर आठवड्याला येई आणि आल्या पावली परत जाई. धुवायला पाणी नाही म्हणून कॅनच्या कडांना आंबूसपणा धरायचा, उन्हानं दूध वाटेतच फिरायचं. आंबलेला एक कॅन आत गेला की अख्खी टाकी नासायची, आणि त्या टाकीवर कितीतरी घरांच्या चुली होत्या. म्हणून केंद्राच्या दारात, कॅन उतरवायच्या फलाटावर, आधी एक नाक उभं असायचं. कॅनचं झाकण काढायचं, आतल्या बाजूनं हुंगायचं आणि सांगायचं, घ्या, नाहीतर न्या. पंचवीसेक वर्षं ते नाक गुरम्माचं होतं.

भिंतीवर तक्ता होता. प्रत्येक नावापुढं एक गोल, त्याचे चार भाग. शिकणाऱ्याचा एक भाग काळा, कोणाच्या देखरेखीत करणाऱ्याचे दोन, एकट्यानं करणाऱ्याचे तीन, दुसऱ्याला शिकवणाऱ्याचे चारही. पुण्याच्या साहेबांनी त्याला मोठं इंग्रजी नाव सांगितलं होतं. बायकांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, ही तर भाकर! तेव्हापासून चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी. “माजी अर्धी भाकर कवा पाऊण करताव, दादा?” म्हणून शिवकन्या रोज त्याच्या मागं लागायची. ती फलाटावर गुरम्माच्या हाताखाली होती. गुरम्माची भाकर अख्खी.

दहावी नापास वीरभद्र इथं कॅन धुवायला आला तेव्हा गुरम्मानंच त्याला जवळ बोलावलं होतं. आपल्या पदरानं त्याचे डोळे बांधले, एकामागून एक झाकण नाकाशी धरलं, आणि जात्यावर म्हणावं तसं म्हणाली:

पहिला वास गाईचा, दुसरा गं चाऱ्याचा,
तिसरा आला आंबट, त्याला रस्ता घरचा.

त्या पदराच्या अंधारातून तो फलाटावर आला, तिथून लॅबमध्ये, बाहेरून परीक्षा देत देत या टेबलापर्यंत. नोंदींत ‘प्रशिक्षण साहित्य’ असा रकाना आला तेव्हा त्यानं हीच ओवी टाईप करून लावली. “भजनी मंडळ हाय का हे?” मॅनेजर गुरुलिंगप्पा म्हणाले होते, पण काढायला लावली नाही.

“उचल गं,” वीरभद्र म्हणाला. शिवकन्येनं वाकून पहिली बशी उचलली, वाटी गुरम्मापुढं धरली.

“ग्वाड,” गुरम्मा म्हणाली. दुसरीलाही म्हणाली, ग्वाड. तिसऱ्या वाटीवरची बशी निघाली आणि शिवकन्येला खोकला आला.

“हे परत.”

बरोबर. चौथी ग्वाड. तेही बरोबर. पाचवी बशी निघाली, शिवकन्या पुन्हा खोकली, आणि वीरभद्राचा पेन जागीच थांबला. हा खोकला तो संक्रांतीपासून फलाटावर ऐकत होता. औषधाची बाटलीसुद्धा त्यानंच आणून दिली होती.

“गप गं,” गुरम्मा हलकेच म्हणाली. “किती खोकशील?” मग त्याच्याकडं वळली. “त्या तापापासून मला वास न्हाई, वीरभद्रा. उदबत्तीचा न्हाई, फोडणीचा न्हाई. ही पोरगी खोकून राहिली आन मी कॅन परत लावून राहिले.”

“मावशी, म्या कुणाला सांगितलं न्हाई,” शिवकन्या रडवेली झाली.

“अक्का, मी ‘योग्य’ लिहितो,” वीरभद्र घाईनं म्हणाला. “साहेब कागद बघतील अन् जातील. तुझी दोनच वर्षं राहिलीत. फलाटावरून उतरवलं तर पुन्हा कॅन धुवायला बसवतील तुला.”

“आन हिला खराच खोकला झाला तर?”

वीरभद्र पाचव्या वाटीवर बशी पुन्हा झाकू लागला. गुरम्मा बोलतच राहिली.

“कुण्या बाईचं चांगलं दूध मी माघारी लावीन. येवढ्या दुष्काळात तिनं ते कुठं वतावं?”

“तुझ्यामुळं मी या टेबलाशी बसलोय, अक्का.”

“हाव ना. मंग नीट बस की.”

ती उठली. तक्त्यापाशी गेली. आपलं नाव तिला वाचता येत होतं. पुसायला पाणी तिनं मागितलं नाही. कोरड्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं आपली भाकर पुसायला घेतली. एक चतकोर गेला, दुसरा गेला. वीरभद्र तो पदर बघत राहिला. गोलाची नुसती रेघ उरली तेव्हा ती म्हणाली, “आता हिची बघ.”

वीरभद्रानं वाट्यांच्या जागा बदलल्या. गुरम्मानं मागून शिवकन्येचे डोळे बांधले. पोरगी पुटपुटत हुंगत गेली, पहिला वास गाईचा, दुसरा गं चाऱ्याचा... आणि दोन्ही आंबट वाट्या तिनं न खोकता बाजूला सारल्या.

त्यानं तक्त्यावर तिची पाऊण भाकर भरली.

“चौथा चतकोर, दादा?”

“तू कुणाला शिकवलंस की.”

नोंदीत ‘प्रशिक्षक’ या शब्दापुढं त्यानं लिहिलं, गुरम्मा. मग मागची पानं उलटली. फलाटावरच्या प्रत्येकाच्या कागदावर तेच नाव होतं, त्याच्याही. पान मिटण्याआधी त्यानं त्यावर हात टेकवला आणि तो कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले, तक्ता बघितला, रिकाम्या गोलाचं कारण विचारलं. वीरभद्रानं खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

गुरम्मा कॅन धुण्याच्या जागी बसली होती, कपाळावर ताजी विभूती, हातात तांब्याभर पाणी. वर फलाटावर शिवकन्येनं एकटीनं पहिला कॅन उघडला. झाकण हुंगलं. “घ्या,” म्हणाली. आणि दूध ओतायच्या आधी पायरी उतरून खाली आली, झाकण दोन्ही हातांनी गुरम्मापुढं धरलं.

गुरम्मानं ते नाकाशी नेलं. डोळे मिटले.

“तू म्हणतीस म्हंजी ग्वाडच हाय,” ती म्हणाली, आणि झाकण मांडीवर घेऊन जपून, थोड्याशा पाण्यात धुवू लागली.