काळोखाचे पान

माझी धाकटी बहीण चित्रकथांच्या एका मासिकाची लेखिका आणि संपादक. प्रुफे तपासण्यापासून तिने सुरुवात केली, पुढे फुग्यांतले संवाद लिहिले, आणि होता होता सबंध अंक तिच्या हाती आला. तिच्या 'मुखवटेवाली' या चेहरा झाकलेल्या नायिकेने मुलांना वेड लावले होते. तो मुखवटा बहिणीच्या निवृत्तीच्या अंकात उतरायचा होता. दंडक एकच: प्रश्न उजव्या पानावर, उत्तर पान उलटल्यावर.

त्या सकाळी मी तिला छापखान्यात सोडायला गेलो. छपाईपूर्वी जुळवलेला नमुना अंक टेबलावर होता. तो चाळता चाळता तिने मधली दोन पाने माझ्यापुढे धरली.

"दादा, हे बघ."

डाव्या पानावर खलनायक विचारत होता, "कोण आहेस तू?" आणि शेजारीच, उजव्या पानावर, उघडा चेहरा.

व्यवस्थापक म्हणाले, "सुरुवातीला एक जाहिरात घातली, ताई, आणि मागचं कोडं काढलं. पानं तेवढीच राहिली की!"

"पानं तेवढीच, पण कथा एक घर सरकली ना! इतकी वर्षं झाकलेला चेहरा आता न उलटताच दिसणार. जाहिरात मागे टाका."

"जाहिरातदाराला शब्द दिलाय हो पुढच्या पानाचा. दुपारी यंत्र सुरू होतंय."

मी तंत्रनिकेतनात शिकलेला. मला रचना तेवढी दिसली. म्हटले, "मधे एक पान घाल. चेहरा आपोआप पाठीमागे जाईल."

"वा! आणि चित्र कोण काढणार, तू? चित्रकार गेलेत बाहेरगावी. तुझी माणसं म्हणजे नटबोल्ट."

हे मात्र खरे होते. ती प्रश्नाच्या चौकटीकडे पाहत राहिली. खलनायकाच्या हातात कंदील होता.

"विझवते मेल्याचा कंदील," ती एकदम म्हणाली.

अख्खे पान काळे. त्यावर फक्त पांढरे फुगे. अंधारात दोघांचे बोलणे, धडपडणे, कुणाचा तरी पाय बादलीत. संवाद लिहिताना ती स्वतःशीच हसत होती.

"पण जागा कुठली काढायची?" व्यवस्थापक म्हणाले. "शेवटी तुमचं निरोपाचं पान आहे, फोटोसकट. मजकूर यायचाय तेवढा."

"तेच काढा."

"अहो ताई, असं कसं?"

"सुटले बाई! 'प्रिय वाचकहो'च्या पुढे गाडीच सरकत नव्हती माझी."

दुपारी पहिली प्रत यंत्रचालकाने उभ्याउभ्याच वाचायला घेतली. काळ्या पानाशी तो थांबला, प्रत डोळ्यांजवळ नेली, बादलीपाशी खुदकन हसला. मग पान उलटले.

"अरेच्चा! ही तर गोष्टीतल्या शाळेतली घंटेवाली बाई!"

बहिणीने कागदाच्या गठ्ठ्यावर बसकण मारली आणि चपला काढून पाय लांब केले.

"दादा," ती म्हणाली, "आता चहा सांग. आणि मला घाई करू नकोस."